दीड मिलिमीटरचं कारण

माह्या जबड्यात खोट आहे हे मले सत्तावीस वर्षं माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं त्याच जबड्यानं भात खाल्ला, चने फोडले, ऊस सोलला, दोन वेळा पोलीस भरतीत पडून आल्यावर शिव्या दिल्या. जबड्याची एक तक्रार नाही. मंग नोकरी लागाची वेळ आली अन् खोट निघाली.

नोकरी काही कलेक्टरची नव्हती. चिखल्याच्या मँगनीज खाणीतला माल ट्रकनं वाहणारी एक खाजगी कंपनी आहे. नाव घेत नाही, पगार अजून तिथूनच येते. तिच्या वजनकाट्यावर बाबू पाहिजे होता. भरला ट्रक काट्यावर चढला का वजन पाहाचं, कम्प्युटरवर टाकाचं, पावती फाडाची. कम्प्युटर मले कोणी शिकवला नाही, आमच्या मोहाडीच्या नेट कॅफेत लोकांचे फॉर्म भरता भरता बोटं बसली. इंटरव्ह्यूत मी पहिला आलो. दुसरा जो आला तो तुमसरचा होता, अन् त्याचा मामा कंपनीतच होता. हा मामा ध्यानात ठेवा. पुढचे पंधरा दिवस मी दुसरं काही ध्यानात ठेवलं नाही.

राहिलं होतं फक्त मेडिकल. कंपनीच्या डॉक्टरनं छाती पाहिली, डोळे पाहिले, मंग म्हणे, "आ कर."

मी आ केला. कानापाशी 'टक्' झालं.

"हे काय वाजलं?"

"जबडा, सर. लहानपणापासून वाजते." खरंच वाजते. आई तं चुलीपासून टक् ऐकून वळखते का पोरगं जेवाले बसलं.

"खर्रा किती खातोस?"

"खात नाही, सर."

त्यानं मले असं पाह्यलं का मी पाणीच पीत नाही म्हणून सांगतलं. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात दाबाची जी वस्तू, तिले आमच्याकडे खर्रा म्हणतात. आमच्याकडे तो खाणारा माणूस वेगळा दिसत नाही, न खाणारा दिसते. माहा बाप, डोमा, त्याच खर्र्यानं गेला. तोंडाचा कॅन्सर. मी चौदाचा होतो. विहारात पंचशील सगळे एका दमात म्हणतात, पण त्या रविवारी आईनं, म्हणजे मंगलाबाईनं, मले एकट्याले उभं करून पाचवं शील तीनदा म्हणाले लावलं. नशापाणी करणार नाही. तेव्हापासून खर्रा माह्या तोंडात गेला नाही. हे कोणाले सांगाची गोष्ट नव्हती. पण मनातल्या मनात मले त्याचा गर्व होता, अन् माह्यापाशी गर्व कराले दुसरं काही नव्हतंही.

डॉक्टरनं लिहिलं, 'जबड्याचा एक्स-रे.'

एक्स-रे तुमसरले, खुशबू मॅडमकडे. नवीनच दाताचा दवाखाना टाकला होता त्यांनं. एक मशीन डोक्याभोवती फिरली, जशी काही ओवाळून राहिली. मॅडमनं फोटो उजेडात धरला अन् खुश झाल्या. मले बरं वाटलं. माह्या कोणत्याही फोटोवर बाई आजवर खुश झाली नव्हती.

"डाव्या सांध्याचं हाड उजव्यापेक्षा दीड मिलिमीटर आखूड आहे," त्या म्हणल्या.

"म्हणजे काय होईन, मॅडम?"

"काही नाही होणार. सगळ्यांचंच असतं. निरोगी माणसाचे दोन्ही सांधे अगदी सारखे नसतातच. सारखे निघाले असते तर मी मशीन तपासलं असतं. तोंड उघडा. तुमची तीन बोटं उभी घाला."

मी तीन बोटं घातली. आरामात गेली.

"खर्रा खाणाऱ्यांचं तोंड एवढं उघडत नाही. तुम्ही नाही खात? मोहाडीचे असून?" त्यांनं कागदावर लिहून दिलं: दीड मिलिमीटरचा फरक, नैसर्गिक, निरोगी माणसात आढळतो, कामासाठी योग्य. खाली सही, वर शिक्का. मी कागद घेऊन गाडीवर गाणं म्हणत आलो.

आता चंद्रकुमार बाबू. कंपनीच्या ऑफिसात भरतीची फाइल यांच्यापाशी. माणूस वाईट नाही. वाईट माणसाशी भांडता येते. चंद्रकुमार बाबूशी नाही येत, कारण ते भांडतच नाहीत, ते रकाना दाखवतात.

"हे पाहा," त्यांनं फॉर्मवर बोट ठेवलं. "'शरीराचे डावे व उजवे अवयव समान आहेत काय?' होय का नाही?"

"साहेब, कोणाचेच नसतात. मॅडमनं लिहून देल्लं आहे."

"म्हणजे नाही." त्यांनं 'नाही'वर टिक मारली. "आता 'नाही असल्यास कारण.' तीन रकाने हायेत. अपघात, आजार, व्यसन. यातलं कोणतं?"

"नैसर्गिक."

"नैसर्गिक दाखवा मले कुठं हाय ते."

नव्हतंच. मी फॉर्म मागून पाह्यला, पुढून पाह्यला. नैसर्गिक कुठंच नव्हतं.

"पंधरा तारखेपर्यंत निपटवा," ते म्हणले. "नाही तं दोन नंबरवाल्याले बलवा लागन. त्याचा फॉर्म क्लिअर हाय."

"त्याचा एक्स-रे काढला का?"

"त्याचं काही वाजलं नाही, तं कायले काढाचा?"

याले म्हणतात न्याय. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे केले, गोंदिया अलग निघाला, ते दोन तुकडे तरी समान झाले का? त्याचं कारण कोणी इचारलं? व्यसन लिहिलं का कुठं? पण जिल्ह्याले नोकरी नव्हती पाहिजे, मले पाहिजे होती.

घरी आलो तं आंगणात केवळराम काका बसले होते. आमचे शेजारी. जनावराच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं शिपाई होते, डॉक्टर सुटीवर असला का हेच डॉक्टर. त्यांनं माहा फॉर्म चष्मा लावून वाचला अन् मांडीवर थाप मारली.

"अरे अश्वजित, हा तं जोडीचा फॉर्म होय बे!"

"कोणत्या जोडीचा?"

"बैलजोडीचा! डावा उजवा समान हाय का, हे आमी असंच लिहत होतो. कोन्या भैताडानं माणसाच्या फॉर्मात टाकलं? बस, बस इथं. आ कर." अन् माह्या खालच्या ओठाले धरून त्यांनं दात मोजले. "चार वर्षाचा हायेस," म्हणले अन् एकटेच हासले.

भिंतीपलीकडून शेजारची कलाबाई आली. तिले आवाज गेला का ती येतेच. "काय झालं व मंगला? पोराले काय झालं?"

"जबडा वाकडा निघाला म्हणते डॉक्टर," आई म्हणली.

"वाकडा नाही, आई! दीड मिलिमीटर!"

"मी तं पहिलेच म्हणत होती," कलाबाई म्हणली, "पोरगं हासते तं एकाच बाजूनं हासते."

सत्तावीस वर्षं ही बाई कधी काही म्हणली नव्हती. पण उपाय काकांपाशी होता. बैल एका बाजूनं रवंथ करत असला का त्याले दुसऱ्या बाजूनं कडक चारा द्याचा, हाड वाढते. "डाव्या बाजूनं फुटाने चाव. रोज अर्धा शेर. आठ दिवसात दीड मिलिमीटर म्हणजे काय, दोन निघन."

तुम्ही म्हणाल, शिकला सवरला पोरगा, ऐकलं काहून? पंधरा तारखेले मामा उभा होता, म्हणून ऐकलं. आठ दिवस डाव्या बाजूनं फुटाणे फोडले. सहाव्या दिवशी डावा गाल भज्यासारखा फुगला. आठव्या दिवशी दाताचा एक तुकडा फुटाण्याबरोबर गिळला गेला, कोणता फुटाणा अन् कोणता दात हे समजलं नाही. खुशबू मॅडमनं पुन्हा फोटो काढला. फरक: दीड मिलिमीटर.

"पण आता तुमचा सांधा खरंच सुजला आहे," त्या चिडून म्हणल्या. "निरोगी होता, तुम्ही आजारी केला. कोणी सांगितलं हे?"

"जनावराच्या डॉक्टरनं," मी म्हणलो. खोटं कायले बोलू.

त्यांनले दया आली असन. म्हणल्या, रविवारी फुकट तपासणी शिबिर ठेवते. दहा निरोगी माणसं आणा, ज्यांचं तोंड तीन बोटं उघडते. दहाही जणांचे फोटो काढू, दहाही जणांत फरक निघेल. मग तुमच्या बाबूला दाखवा.

दहा निरोगी माणसं! मले वाटलं हे तं सोपं आहे. मी सरळ इश्वरच्या पानठेल्यावर गेलो, तिथं दहा काय तीस पुरुष कधीही सापडतात. म्हणलो, भाऊ, ज्याचे तीन बोटं उभे जातीन त्यानं हात वर कराचा. सगळ्यांनं हासत हासत बोटं तोंडात घातले. मंग हासणं एकेकाचं बंद झालं. कोणाचे दोन गेले. कोणाचं दीड. एका ट्रॅक्टरवाल्याचं एकच गेलं अन् तो बोट तोंडात तसंच ठेवून माह्याकडे पाहत राहिला. एकाचाही हात वर झाला नाही.

"तू माह्या धंद्यावर कायले उठलास बे?" इश्वर घोटायची पन्नी आपटून म्हणला. "कदी एक खर्रा घेतला नाही माह्यापासून, अन् माहे गिऱ्हाईक पळवून राहिलास?"

दोन दिवस त्याच्या ठेल्यावर गर्दी कमी होती म्हणतात. तिसऱ्या दिवशी वापस भरली. भीती आमच्याकडे दोन दिवसावर टिकत नाही.

शेवटी विहारातल्या बाया कामात आल्या. आई, कलाबाई, अजून सात जणी, अन् पुरुषांत एकटे केवळराम काका, कारण ते खर्रा नाही, विडी ओढत होते. रविवारी काळीपिवळी जीपमध्ये दहा निरोगी माणसं भरून मी तुमसरले नेली. दहाही जणांत फरक निघाला. आईचा एक मिलिमीटर. काकांचा सगळ्यात जास्त, तीन. वापस येऊन उतरताना काका म्हणले, "मशीन खराब हाय." कलाबाईनं तं फोटो पदराखाली लपवला. "कोनाले सांगू नको बापा, पोरीचं लगन कराचं हाय." समजून सांगतलं का सगळ्यांचंच असते. ती म्हणली, "सगळ्यांचं असन, फोटो तं माहाच निघाला ना."

बाईची गोष्ट चूक नव्हती. हेच तं माहं दुखणं होतं.

तेरा तारखेले दहा फोटो अन् मॅडमचं पत्र घेऊन मी चंद्रकुमार बाबूसमोर उभा राहिलो. त्यांनं एकेक फोटो खिडकीच्या उजेडात धरला. दहाही. पत्र दोनदा वाचलं. माह्या छातीत टकटक सुरू होती, जबड्यात नाही, छातीत.

"समजलं," ते म्हणले. "म्हणजे तुमची पूरी वस्तीच अनफिट हाय."

दहा माणसं सोबत नेली होती, निरोगी आहेत म्हणून दाखवाले. माही आई होती त्यात.

"साहेब," मंग मी म्हणलो, "तुमचाही फोटो काढला तं फरक निघन."

त्यांनं गालातला खर्रा डावीकडून उजवीकडे सरकवला. शांतपणे. "माहा फॉर्म भरून बावीस वर्षं झाले. अन् मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो, ऐका. व्यसनावर टिक मारा. ॲफिडेव्हिट आणा का पहिले खर्रा खात होतो, एका बाजूनं चावून जबड्यात फरक पडला, आता सोडला. साहेब लोक लगेच सही करतात. व्यसन सुटते. निसर्ग कुठं सुटते?"

"पण मी कधी खाल्लाच नाही!"

"तं मंग सोडाले सोपं हाय."

चौदा तारखेले सकाळी मी तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्यापाशी बसलो. त्यानं तोंड वर न करता इचारलं, "खर्रा कोणत्या सालापासून?" मी बापाचं साल सांगतलं. "कोणत्या बाजूनं?" बापाची बाजू सांगतली. "साक्षीदार? खाताना पाह्यलेला पाहिजे."

खाताना पाह्यलेला म्हणजे इश्वर. दुसरा कोण देणार? गेलो. सगळं सांगतलं. मले वाटलं हासन, चार शिव्या देईन, सही करन. तो हासला, चारच्या जागी आठ शिव्या देल्ल्या, अन् सही करत नाही म्हणला.

"खोटी साक्ष मी देत नाही."

"इश्वरभाऊ, नोकरीचा प्रश्न आहे. उद्या शेवटचा दिवस."

"असन ना. पन कागदावर लिहलं हाय, 'मी प्रत्यक्ष पाहिले.' म्या पाह्यलं नाही. बापानं शिकवलं नाही खोटं लिहाले." अन् मंग पन्नी उघडून माह्यासमोर धरली. "एक खाय. माह्या डोयासमोर. खाऊन सोड. मंग कागद खरा, सही खरी, तू खरा, मी खरा. फुकट देतो, पाह्य."

उभ्या गावात एक इमानदार माणूस सापडला, तो माह्याच वाट्याले आला.

मी उभ्या उभ्या हिशेब केला. खोटं बोलू नको हे चौथं शील, नशा करू नको हे पाचवं. खाल्ल्याशिवाय कागद देल्ला तं चौथं मोडते. खाल्ला तं चौथं वाचते, पाचवं मोडते. दोन्ही वाचवले तं मामाचा भाचा काट्यावर बसते. तीन रकाने होते. माह्यासाठी चौथा कोणी ठेवलाच नव्हता.

मी चिमूट घेतली अन् गालात ठेवली. डाव्या.

चव मले ध्यानात नाही. वास आहे. बाप कामावरून आला का त्याच्या शर्टाच्या खिशाले जो वास येत होता, तोच, पण आता तो माह्या तोंडातून येऊन राहिला होता. डोक्यात चक्कर आली, घाम सुटला. इश्वरनं मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं असन. मंग म्हणला, "थुक." मी थुकलो. नाल्याच्या काठावर बसून सकाळचा भातही काढला.

"सोडला?" त्यानं इचारलं.

"सोडला."

"बरं केलं." अन् त्यानं झोकात सही केली. पाणी देल्लं, पाठीवरून हात फिरवला. वरून म्हणला, "पाह्यलं, लवकर सोडलं का तरास होत नाही."

पंधरा तारखेले नोकरी लागली. कारणाच्या रकान्यात व्यसन. आईले मी एवढंच सांगतलं का मॅडमचं पत्र चाललं. ती विहारात खीर घेऊन गेली. मी तिच्या मागं बसून पाचही शीलं म्हणलो, पाचवं जरा हळू.

आता मी काट्यावर बसतो. हा काटा, सांगाले हरकत नाही, चाळीस किलोनं खोटा आहे. ट्रक डाव्या बाजूनं चढवला तं एक वजन, उजव्या बाजूनं चढवला तं दुसरं. त्याचं दरवर्षी प्रमाणपत्र येते. त्याले कोणी आ कर म्हणत नाही.

इथंच संपलं असतं तं मी गप्प बसलो असतो. पण मे महिन्यात चंद्रकुमार बाबू स्वतः केबिनमध्ये आले. एकतीस तारखेले तंबाखूविरोधी दिवस, वरून साहेब येऊन राहिले, यशस्वी उदाहरण पाहिजे. "मी सगळ्या फाइली पाह्यल्या," ते म्हणले. "खर्रा सोडला असं कागदावर असलेला माणूस कंपनीत एकच हाय. तुम्ही. पाच मिनिटं बोला. आईले घेऊन या, दोघांनले शाल देतो."

"आईले कायले, साहेब?"

"निमंत्रण गेलं हाय घरी. कलाबाई म्हणून कोणी होती, तिनं घेतलं."

म्हणजे आईच्या अगोदर अर्ध्या मोहाडीले समजलं होतं. घरी आलो तं आई निमंत्रण घेऊन बसली होती. तिनं एकच इचारलं, "खाल्लास?"

"एकदा. कागदासाठी."

एकतीसले तिनं पांढरं लुगडं नेसलं अन् माह्या गाडीवर मागं बसली.

काट्यापाशी मांडव होता. ड्रायव्हर, हमाल, बाबू, सगळे. मागच्या कनातीले लाल पिचकाऱ्या. माहं नाव पुकारलं. माइकसमोर गेलो तं डोक्यात काहीच नाही, कारण मी जे सोडलं ते दहा मोजेपर्यंतच धरलं होतं. पहिल्या रांगेत आई. मंग तोंड उघडलं, टक् झालं, माइकमधून पूर्ण मांडवात वाजलं, अन् जे यायचं ते आपोआप आलं.

म्हणलो, पहिले माह्या तोंडात तीन बोटं जात होते. मंग दोन जाले लागले. मी म्हणलो थंडीनं असन. मंग एक. भाकरी सोडली, भात सोडला, भाताची पेज उरली. बोललेलं घरच्यांनले समजत नव्हतं तं पाटीवर लिहून देत होतो. पोराले शाळेत सोडाले जात होतो तं तोंडाले दुपट्टा बांधत होतो, पोराले लाज वाटू नये म्हणून. तरी पोराले लाज वाटली. पोरगा पुढं पुढं चालत होता.

मले लेकरू नाही, लगन नाही, हे तिथं कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका ड्रायव्हरनं हळूच बोटं तोंडाजवळ नेली. मंग दुसऱ्यानं. चंद्रकुमार बाबूनं रुमाल तोंडाले लावला, अन् रुमालाआड त्यांची दोन बोटं अडकलेली मले स्टेजवरून दिसली.

टाळ्या लय वाजल्या. साहेबानं मले जवळ घेतलं, म्हणले, "तुम्ही वाचलात." शाल, नारळ, 'व्यसनमुक्त कर्मचारी' असं प्रमाणपत्र. कार्यक्रम संपल्यावर मांडवाच्या मागं सगळ्यांनं पन्न्या काढल्या, एकानं मलेही धरली, अन् मंग जीभ चावून वापस घेतली.

येताना आई गाडीवर मागं बसली होती. शाल मांडीवर, प्रमाणपत्र शालीत. मी आरशातून पाहत होतो, पण आरसा ट्रकच्या धुळीनं भरला होता. मोहाडीच्या अलीकडे तळ्याच्या पाळीवर ती म्हणली, "थांबव."

थांबवली. ती उतरली नाही.

"तुह्या बापाचंच सांगतलंस."

"हाव."

"एवढे मोठे साहेब उभं राहून आयकत होते." मंग म्हणली, "तो होता तवा कोनी इचारलं नोयतं त्याले."

मी आरसा पुसला.

"एक गोष्ट इसरलास," आई म्हणली. "शेवटी शेवटी चहाबी जात नोयता त्याले. तवा कप धरून नुसता वास घेत होता. थंडा होतवरी." तिनं शाल नीट घडी केली. "पुढच्या साली बलावतीन तं तेबी सांगजो."